तिथीची पाऊणपट

मालवणजवळच्या तळाशीलहून पुण्यात येऊन चाळीस वर्षं झाली तरी आईच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या खाड्यांशेजारी भरतीच्या वेळा लिहिलेल्या असत. पोळ्या लाटता लाटता ती मान वर करायची, तिथी बघायची आणि म्हणायची, "आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजता तळाशीलला पाणी चढलेलं असेल." तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागे मागे सरकते, त्यालाच कोकणातल्या माणसांनी पाऊण तासाच्या हिशेबात बसवलं. जागेप्रमाणे थोडं पुढंमागं होतं, पण पिढ्यान्‌पिढ्या होड्या याच गणितावर पाण्यात गेल्या.

मी शाळेत भूगोल शिकवते. खारे वारे, मतलई वारे, उधाण, भांग हे सगळं फळ्यावर कितीदा काढलंय. आई गेली त्याच्या पुढच्या फाल्गुनात तळाशीलच्या मामाला फोन केला, तर तो म्हणाला, "दर्यो आता वळखाक येना नाय गो." सत्तरीतला माणूस, सगळा जन्म रापणीत, किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात गेलेला. त्याला समुद्र ओळखू येत नसेल तर मी वर्गात शिकवते ते काय, या विचाराने रजा टाकली. वाटेत वेळासला कासवं बघायची आणि मग मामाकडे जायचं, एवढंच ठरवलं होतं.

पहिला दिवस, फाल्गुन शुद्ध षष्ठी

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला पोचले तेव्हा साडेचार वाजत आले होते. सहाची पाऊणपट साडेचार. सावित्रीची खाडी काठोकाठ भरलेली होती. जंगलजेटीत गाडी चढवली आणि दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे वेशवीला उतरले. बाणकोटचा किल्ला मागे टाकत वेळासला अंधार पडायच्या आत पोचले. ज्या घरी उतरले तिथं रात्री गरम भात, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी होती. पहाटे साडेपाचला उठायचं सांगून सगळे लवकर झोपले.

दुसरा दिवस, सप्तमी

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आता मात्र इथं येणारा माणूस आधी कासवांचं विचारतो. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर येतात, दीडेक फूट खोल खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटून, अंगाने थोपटून परत जातात. पुन्हा त्या घरट्याकडे फिरकत नाहीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये इथं संवर्धनाचं काम सुरू केलं. पुढं वनविभाग आला, खारफुटी राखणारा कांदळवन कक्ष आला आणि बाकीच्या किनाऱ्यांवरही काम पसरलं.

पण पहाटे गस्तीला ज्या कासवमित्रासोबत चालत गेले, त्याने सांगितलेली गोष्ट मला या सगळ्याहून मोलाची वाटली. "ताई, आमच्या घरात अंडी काढायचे. खायची, उरली तर विकायची. माझ्या आजोबांना माग जेवढा कळायचा तेवढा कुणाला कळायचा नाही." तो माग त्यानेच मला दाखवला. ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा पट्टा पाण्यातून वर आलेला, आणि थोड्या अंतरावर तसाच परत गेलेला. दोन्ही पट्ट्यांमध्ये वाळू विस्कटलेली. मला तिथं सगळी वाळू सारखीच दिसत होती. तो अनवाणी पायाने, टाच हलके दाबत, एकेक पाऊल पुढं सरकला. एका ठिकाणी थांबला. "इथं टाच बसते बघा." हाताने उकरलं आणि कोपरापर्यंत हात गेल्यावर पहिलं अंडं लागलं, पिंगपाँगच्या चेंडूसारखं पांढरं, ओलसर, जरासं मऊ. एकेक अंडं न फिरवता, न हिसकता त्याने बादलीतल्या वाळूवर ठेवलं. त्याच खड्ड्यातली वाळूही थोडी सोबत घेतली.

अंडी शोधण्याचं हे कसब आजोबांनी खाण्यासाठी वापरलं, नातू तेच जपण्यासाठी वापरतो. संस्थेने बाहेरून माणसं आणून नेमली असती तर त्यांना ही टाच कुठून मिळाली असती? वेळासचं यश मला इथं दिसलं. ज्यांच्याकडून धोका होता त्यांच्याचकडे कोल्ह्याकुत्र्यांपासून राखण दिली, आणि गावाने ती मनापासून घेतली.

अंडी कुंपणातल्या खड्ड्यात जातात. खड्डा मादीने केला असता तसाच, सुरईच्या आकाराचा. पिल्लं बाहेर यायची वेळ झाली की वर टोपली पालथी घालतात. संध्याकाळी सहाला टोपली उचलली तेव्हा खाली सतराजणं होती, तळहातापेक्षा लहान, काळपट, अंगाला वाळू चिकटलेली. सव्वापाचची भरती नुकतीच उतरायला लागली होती. भांगाचे दिवस असल्याने पाणी फार वरही नव्हतं आणि फार मागंही गेलं नव्हतं. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे गप्प उभे. एक पिल्लू मध्येच थांबलं, लाट आली, त्याला उलटं करून परत वर फेकून गेली. ते सरळ झालं आणि पुन्हा चालू लागलं. तिसऱ्या लाटेला गेलं. अशा हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होऊन परत येतं असं म्हणतात.

कुंपणावर हिरवी जाळी ताणलेली होती, ती का, हे विचारल्यावर कासवमित्र थोडा गंभीर झाला. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे अंड्यात असताना वाळूची ऊब ठरवते. साधारण २९-३० अंशांच्या वर वाळू गेली की माद्या जास्त निपजतात, आणखी तापली तर पिल्लं आतच मरतात. "पूर्वी फेब्रुवारीत पहाटे या वाळूवर पाय ठेववत नव्हता, एवढी गार. आता तुम्हीच बघा." मी चप्पल काढून उभी राहिले. सूर्य मावळून गेला होता आणि वाळू अजून कोमट होती.

जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावरच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा. राज्यात त्या हंगामात अशी पाच कासवं झाली. आणि २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर ओडिशात २०२१ मध्ये लावलेला बिल्ला सापडला. साडेतीन हजार किलोमीटरचा वळसा! बंगालच्या उपसागरातली कासवं वेगळी आणि आपली वेगळी अशी समजूत होती, ती त्या एका बिल्ल्याने ढिली केली.

तिसरा दिवस, अष्टमी

दिवसभर गाडी. केळशीला मात्र मुद्दाम थांबले, तिथली वाळूची टेकडी बघायला. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचे थर अभ्यासून सोळाव्या शतकात इथं सुनामी आली असावी अशी मांडणी केली होती. ते काहीही असो, टेकडीच्या आडोशाला बसलेलं गाव बघितलं की वाळूचा ढीग काय कामाचा असतो ते वेगळं सांगावं लागत नाही. पुढं दाभोळला आणि तवसाळला फेरीबोटी, रत्नागिरी, मग विजयदुर्गाचा फाटा मागे टाकत देवगड.

देवगडच्या बंदरात चहाला उतरले. डोंगराच्या कुशीत आत वळलेलं हे बंदर दर्यावर्दींना वादळातला आसरा म्हणून फार जुन्या काळापासून माहीत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी होड्या भरकटत इथंच येऊन लागल्या होत्या आणि त्यातल्या माणसांना इथल्या लोकांनी जेवूखाऊ घातलं.

आचऱ्यावरून तळाशीलकडे वळले तेव्हा दिवेलागण झाली होती. आचरा म्हणजे गावपळणीचं गाव. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं. मला हे लहानपणापासून आवडतं. आपण राहतो ती जागासुद्धा मधूनमधून तिच्या तिच्याकडे सोपवायची.

चौथा दिवस, नवमी

तळाशील म्हणजे वाळूची एक जीभ. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी, टोकाला समोर सर्जेकोट. मामाच्या मागच्या दारातून खाडी दिसते आणि पुढच्या दारातून समुद्राची गाज येते. रात्री अंथरुणावर पडल्यावर मामा म्हणाला, गाज आज उत्तरेकडून येते, उद्या पाणी शांत असेल. मला फक्त एकसारखा घों घों आवाज येत होता.

सकाळी सहाला आम्ही किनाऱ्यावर होतो. पाठीवर जमिनीकडून गार वारा. मी मामाला म्हटलं, "हाच ना मतलई?" तो हसला, "गो, तो अंगार इलो काय नाव कित्याक विचारूक व्हया?" इतकी वर्षं फळ्यावर बाण काढून दाखवलेला वारा पहिल्यांदा मानेवर लागला. मतलई जोवर आहे तोवर समुद्र तळ्यासारखा, ऊन चढलं की खारा वारा सुटणार आणि लाटा उठणार. रापण त्याच्या आत लावायची.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडत जातात, एक दोर किनाऱ्यावरच राहतो, दुसरा दोर घेऊन होडी लांब पुढं किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून माणसं ओढायला लागतात. पन्नास माणसं तरी हवीत. पण त्याआधीचं काम मामाचं. तो नुसता उभा राहून पाण्याकडे बघत होता. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालायला लागले, वरून काकण घार आली. मामाने हात वर केला.

"पाण्यार बघ. थंय काळा दिसता मां? बांगडो नाय तर पेडवे."

मी डोळे ताणले. ढगाची सावली पडावी तसा एक गडद डाग होता खरा, आणि तो सरकत होता. ढग मात्र आकाशात एकही नव्हता. मामा सांगत गेला. बांगड्याचा थवा असेल तर पाणी काळपट आणि वर बारीक शहारा, पेडव्यांचा असेल तर शहारा जास्त आणि मधूनच चांदी चमकते. रात्री हेच बघायचं तर पाण्यातल्या उजेडावर बघायचं.

होडी गेली. पावणेसातची भरती भरून पाणी उतरायला लागलं तेव्हा दोन्ही दोर किनाऱ्यावर आले होते. मीही दोराला हात लावला. नारळाच्या सोडणासारखा खरखरीत, ओला, मनगटाएवढा जाड. अंग मागे झोकून द्यायचं आणि पावलं मागे टाकत जायचं, वर सुरूच्या बनापर्यंत पोचलं की दोर सोडून परत पाण्याच्या कडेला येऊन पहिल्या जागी लागायचं. कुणी हुकूम देत नाही. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मध्येच एक हाळी घालतो आणि दोन्ही बाजूंचा वेग आपोआप सारखा होतो. दोन तास ओढत होतो. माझ्या पुढं एक म्हातारी होती, जिचा हात माझ्या हाताच्या निम्मा असेल, ती एकदाही थांबली नाही.

शेवटी जाळ्याची मधली पिशवी उथळ पाण्यात आली. पेडवेच जास्त होते. बांगडे थोडे, एक पाखट, पाच-सहा कुर्ल्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एका चपलेचा सोल. एका कुर्लीच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा पुंजका दिसला, तशी मामाने ती पाठीवरून उचलली, गुडघाभर पाण्यात जाऊन सोडून आला. पाखटीचं पिल्लूही गेलं. याचं कुणाला काही वाटलं नाही, कुणी बघितलंही नाही.

मग वाळूवर वाटे पडले. जाळ्यात ज्या ज्या घरांची भागी आहे त्यांचे, होडीचा, जाळ्याच्या डागडुजीचा, देवाचा, आणि नुसत्या दोर ओढणाऱ्यांचे. एक वाटा ज्या घरातला कर्ता गेल्या वर्षी गेला त्या घराचा. त्या घरातून कुणीही ओढायला आलेलं नव्हतं. मला वाटलं मी पाहुणी, म्हणून मागे सरकले, तर तांडेलच ओरडला, "दोर धरलंस मां? मगे वाटो घे." पाच बांगडे आणि ओंजळभर पेडवे. मामीने पदराने तोंड पुसत ते पाटीत टाकले.

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात झाल्यावर मामा बोलायला बसला. आईच्या लहानपणी या किनाऱ्यावर एका सकाळी तीन तीन रापणी लागायच्या. आता आठवड्यातून दोनदा लागली तरी खूप. मी माझ्या परीने सांगायला गेले, अरबी समुद्र तापतोय, पृष्ठभागाचं पाणी गरम झालं की मासा खोल जातो नाही तर उत्तरेकडे सरकतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"सगळा हवामानार ढकलू नको, चेडवा. दिवे लावन मासो कोणी धरल्यानी?"

त्याचं बरोबर होतं. थवाच्या थवा घेरून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्यात फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. पण रात्री या किनाऱ्यावरून क्षितिजाकडे पाहिलं तर एखाद्या गावाची जत्रा असावी तसा उजेड अजून दिसतो, असं मामी म्हणाली, आणि रात्री मी तो पाहिला. रापणीला मासा किनाऱ्यापर्यंत यावा लागतो. ती वाट बघणारी मासेमारी आहे. बाहेर उजेडाने सगळा थवा उचलला तर इकडे नुसतं पाणी येतं. हवामानबदलावर बोलताना ही गोष्ट गाळली की बोलणं खोटं होतं, हे मला मामाने शिकवलं.

पावसाळ्याचंही तेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हा आजचा सरकारी नियम. पण मामाच्या घरात मृगाआधी जाळं वर चढायचं ते नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच उतरायचं. पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस आली तरी तोवर थांबायचं. मासा त्या दिवसांत अंड्यावर असतो हे सगळ्यांना ठाऊक, आणि खवळलेल्या पाण्यात जाऊ नये हेही. श्रद्धा आणि शहाणपण एका नारळात बांधलेलं. आज ३१ जुलैच्या रात्री बारा वाजता इंजिनं सुरू होतात. मग नारळ देणाऱ्यानेच तेवढं मागे का राहायचं, असा प्रश्न मामाच्या पोरांनी विचारला तर त्याच्याकडे उत्तर नाही.

मी मुद्द्यावर आले. भरतीची पाऊणपट अजून बरोबर येते का?

"ती खंय जातली? चंद्र थंयच आसा," तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहिला. "आदी वारो सांगान येय. आता सांगना नाय."

पूर्वी वादळाच्या आधी दोन दिवस वारा नसताना लाट लांब लांब यायची, गाजेची दिशा फिरायची, पक्षी आत यायचे. ती खूण दिसली की होड्या वर ओढायला वेळ मिळायचा. आता वादळ दोन दिवसांत एवढं फुगतं की खूण पटेपर्यंत दारात येतं. माझ्या पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हेच आकड्यांत मांडलं होतं. १९८२ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, ती टिकण्याचा काळ ८० टक्क्यांनी आणि अतितीव्र वादळं १५० टक्क्यांनी. समुद्र तापला की वादळाला खाद्य मिळतं. २०१९ ला क्यार, २०२० ला निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. तौक्तेत मामाचे सात माड पडले आणि मांडवाचे पत्रे खाडीपलीकडे सापडले.

मामाच्या खिशात फोन आहे. हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राचे उंच लाटांचे इशारे त्याच्या पोराने त्यावर लावून दिलेत. तो ते वाचतो, मग बाहेर येऊन पाण्याकडे बघतो. दोन्ही जुळलं नाही तर होडी काढत नाही. मला हे फार भरवशाचं वाटलं.

पाचवा दिवस, दशमी

दशमीची भरती साडेसातला, म्हणून अंधारातच निघालो. मामीही सोबत. साडेआठच्या सुमाराला वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत पोचलो तेव्हा पाणी अजून वर होतं. इथं स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनातून होडीने फिरवून आणतात. वल्हवणारी ताई बोलता बोलता एका काठीने दाखवत होती, ही चिप्पी, हा तिवर, हा कांदळ, ही मारांडी. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे हे तिने अभिमानाने सांगितलं. कांदळाची शेंग झाडावरच रुजते, हातभर लांब होते, ओहोटीला सुटली की भाल्यासारखी चिखलात उभी रुतते आणि भरतीला सुटली तर तरंगत दुसरीकडे जाते. "झाडाकपण भरती-ओहोटी कळता," ती म्हणाली. लहानपणी ती याच झाडांचं जळण न्यायची. आता कुणी फांदी तोडताना दिसलं तर ह्याच बायका होडी तिकडे वळवतात. मुळांमध्ये कोळंबीची पिल्लं, बोटाएवढे मासे, खेकडे. समुद्रातल्या माशाची पाळणाघरं इथं आहेत, त्यामुळे रापणीचा प्रश्न खाडीच्या चिखलातही आहे.

परतीला मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं. प्रवाळ आहे, सरगॅसमसारख्या समुद्री शेवाळाची वनं आहेत, राखायलाच हवं असं सगळं आहे. पण मच्छिमारांनी त्याला पहिल्यापासून विरोध केला आणि तो राग अजून निवलेला नाही. वेळास आठवलं. तिथं टाचेला विचारून कुंपण घातलं, इथं रेघ आधी आखली गेली.

संध्याकाळी बंदरावर लिलाव चालू होता. एका पाटीत तळहातात मावतील एवढी पापलेटं. मामीने एक उचलून परत टाकलं, "ह्या पापलेट नाय, पापलेटाचा पोर." २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला गेला. मामीचं माप तिच्या वितीएवढं, ते तिच्या सासूचं. मोठा मासा परवडत नव्हता, म्हणून आम्ही सुकट घेऊन परतलो.

सहावा दिवस, एकादशी

मामाने सकाळी घरापुढं नेलं आणि एक माड दाखवला. आई लहान असताना या माडाच्या पुढं अजून दोन रांगा होत्या, त्यांच्यापुढं वाळूची टेकाडं, मग किनारा. आता हा पहिला माड आहे आणि त्याची मुळं उघडी पडलीत. भरतीची वेळ तीच, पण पोच वाढलीय. विहीर पूर्वी वैशाखात मचूळ व्हायची, आता होळीलाच पाणी जिभेला लागतं. आईची पाऊणपट पाणी कधी येणार ते सांगते. कुठवर येणार ते सांगायला दुसरं काहीतरी होतं.

ते मामीने दाखवलं. मर्यादवेल. आपट्यासारखं जोडपान, जांभळट गुलाबी फुलं, वाळूवर दहा-पंधरा हात सरपटत गेलेली, पेरापेरातून मुळं सोडणारी. नावातच सगळं आहे. समुद्राची मर्यादा जिथं संपते तिथून ती सुरू होते आणि उडती वाळू अडवून हळूहळू टेकाड उभं करते. जुनी माणसं घर बांधताना हिच्या मागे किती पावलं सोडायची ते ठरवत. पर्यटकांना स्वच्छ वाळू हवी म्हणून किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी ती उपटून टाकलीय. धूप वाढली म्हणून काही गावांत दगडांचे बंधारे आले. त्यांनी घरं वाचली हे खरं, पण दगडावर रापण ओढता येत नाही आणि कासवाला चढता येत नाही.

वाडीतल्या सात-आठ बायकांनी दोन वर्षांपासून उघड्या जागी वेलीचे तुकडे लावायला घेतलेत. कुणी सांगितलं नाही, अनुदान नाही. सव्वाआठची भरती उतरल्यावर आम्ही गेलो. हातभर लांबीचे तुकडे, प्रत्येकाला तीन-चार पेरं, आडवे वाळूत पुरायचे आणि टोक तेवढं वर ठेवायचं. वर सुकं गवत. खाडीच्या बाजूच्या विहिरीतून हंड्याने पाणी. मी वीसेक लावले असतील. पहिल्या माडापासून समुद्राकडे बारा पावलांवर आमची ओळ होती. मामाने दोन्ही टोकांना काठ्या रोवल्या.

दुपारी निघाले. मामीने सुकट, कोकमं आणि एका पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला वेलीचा तुकडा दिला. पुण्याच्या मातीत तो जगायचा नाही, तिलाही माहीत होतं.

पौर्णिमा, पुणे

होळीचा दिवस. पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं. सव्वाअकराला पुरणाचा गॅस बारीक केला, बारा वाजेपर्यंत कशीबशी थांबले आणि मामाला फोन लावला. मागे गाज ऐकू येत होती, म्हणजे तो तिथंच उभा होता.

"पाणी वेलीपासून दोन हात खाली रवला," तो म्हणाला.

मी आईच्या दिनदर्शिकेवर, भरतीच्या वेळेशेजारी, लिहून ठेवलं. दोन हात.